मदत हवी आहे: बाबांच्या रेडिएशनआधी पुन्हा पेट स्कॅन करावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला, मानेवाड्यात राहतो. बाबांना (वय ६८, शुगर आहे) जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघालाय. पुढच्या आठवड्यात मास्क (डोकं-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो साचा) बनवून रेडिएशनच्या प्लॅनिंगचा सीटी होणार आहे. डॉक्टरांनी समजावलं की डोसचं गणित सीटीवरच होतं, पण गाठीची कड एमआरआयमध्ये जास्त स्पष्ट दिसते, आणि पेटमध्ये कुठल्या पेशी जास्त साखर खेचतात ते कळतं. म्हणून तिन्ही एकावर एक जुळवतात. बाबांच्या दातांत धातूच्या कॅप आहेत, त्यामुळे सीटीत रेघा येतात. एमआरआय त्यासाठीही हवा म्हणाले.

अडचण अशी की पेट-सीटी दीड महिन्यापूर्वी धंतोलीत झालाय, मास्कशिवाय, मान वेगळ्या कोनात. तो नव्या सीटीवर नीट बसेल का? की मास्क घालूनच पुन्हा करावा? पेटसाठी उपाशी राहावं लागतं, म्हणून खर्चापेक्षा मला काळजी आहे ती उपाशीपोटी बाबांची शुगर सांभाळण्याची.

कुणाच्या घरी असं झालं असेल, किंवा कुणी रेडिएशन विभागात काम करत असेल, तर कृपया सांगा. सोमवारी डॉक्टरांना भेटतोय. त्यांना नेमकं काय विचारू?