इराकमधले ख्रिश्चन परत का जात नाहीत?

मालवणी_फिटर: मी मालवणचा, सध्या कुवेतला वर्कशॉपमध्ये. आमचा फोरमन इराकी ख्रिश्चन, मोसुलजवळच्या करकोशचा, घरचे सगळे ऑस्ट्रेलियात. मी सहज म्हटलं आयसिस तर गेली, मोसुल पण 2017 ला सुटलं, मग गावी घर का नाय बांधत, तर म्हणतो घर दुरुस्त झालंय रे, राहायला कोण नाय. पुढे विचारायला मलाच कसंतरी वाटलं. आपल्याकडे चाकरमान्यांची घरं फक्त गणपतीत उघडतात, तसलाच प्रकार का? आणि प्लीज इथे हिंदू-मुस्लिम सुरू करू नका.

वसईकर: तसला नाही भाऊ. आपला माणूस पोटापाण्यासाठी कुलूप लावून जातो, यांना हाकललं. 2003 च्या अमेरिकेच्या हल्ल्याआधी तिकडे साधारण 14-15 लाख ख्रिश्चन होते असं धरतात, आता अडीच लाखही नसावेत. आणि गळती आयसिसच्या आधीचीच. 2008 ला मोसुलचे आर्चबिशप रहो यांना पळवलं, मग मृतदेहच सापडला. 31 ऑक्टोबर 2010, रविवार, बगदादमध्ये मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) चालू असताना चर्चमध्ये हल्लेखोर घुसले, पन्नासच्या वर माणसं गेली. मग जुलै 2014 मध्ये मोसुलला ख्रिश्चनांच्या घरांवर स्प्रेने अरबी 'नून' हे अक्षर काढलं, म्हणजे नसारा, ख्रिश्चन, आणि फर्मान की धर्म बदला नाहीतर जिझिया भरा नाहीतर चालते व्हा, 19 तारखेच्या दुपारपर्यंत. निघालेल्यांच्या चेकपोस्टवर अंगठ्यासुद्धा काढून घेतल्या. करकोश 6 ऑगस्टच्या रात्री रिकामं झालं, पेशमर्गा, म्हणजे कुर्दांचे सैनिक, मागे हटले नि लोक अंगावरच्या कपड्यांनिशी कुर्दांच्या एर्बिल शहराकडे.

राजिवडा_बंदर: मी रत्नागिरीचा मुसलमान. आयसिसने मुसलमान पण भरपूर मारले, मोसुलची अल-नूरी मशीद त्यांनीच उडवली, आणि यझिदी म्हणून तिकडचा एक छोटा वेगळा धर्मसमाज आहे, त्यांचं तर सिंजारमध्ये जे केलं ते लिहवत नाही. पण हे "आमचेही मेले" करून विषय उडवायचा नाही मला. कुठल्या दारावर नून काढायचं हे बाहेरून आलेल्या पोराला कसं कळणार? मोहल्ल्यातल्याच कोणीतरी बोट दाखवलं असणार. काहींनी शेजाऱ्यांना लपवलं, मदत केली, तेही खरं, पण परत गेल्यावर कोण कुठला हे ओळखायचं कसं?

मालवणी_फिटर: हे डोक्यातच नव्हतं आलं 😐 तरी काही लोक परतले असतील ना?

वसईकर: करकोशला बऱ्यापैकी परतले, मोसुल शहरात फारच थोडे. करकोशचं ताहिरा चर्च आयसिसने जाळलं होतं, डागडुजी झाली, मार्च 2021 मध्ये पोप फ्रान्सिस तिथे जाऊन आले. पण चर्च उभं राहिलं म्हणून पोराबाळांचं भागत नाही, नोकऱ्या नाहीत, निनेव्हेच्या पट्ट्यात, म्हणजे मोसुल-करकोशच्या आसपास, वेगवेगळ्या हत्यारबंद गटांचा ताबा, उद्या काही झालं तर कोण येणार सोडवायला? त्यात सप्टेंबर 2023 ला करकोशच्याच लग्नाच्या हॉलला आग लागून शंभराच्या वर लोक गेले. तो अपघात, पण जे थांबले होते त्यातले पण काही त्यानंतर निघाले. आणि एकदा भाऊ-बहीण सिडनीला स्थिरावले की बाकीचे तिकडेच ओढले जातात, वसईत आमच्याकडे पण तेच.

राजिवडा_बंदर: फिटर, फोरमनला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जास्तीची शिफ्ट लागली तर तू घे.