जर्मन समाजवादी एकदा बदलले तर जमलं, दुसऱ्यांदा का बोंबललं?

तापीकाठ (शिरपूर): एमए राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. सेमिनारला युरोपातले सोशल डेमोक्रॅट आलेत. एसपीडीनं, म्हणजे जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षानं, १९५९ ला बाड गोडेसबर्गच्या अधिवेशनात मार्क्सवाद सोडला, १९७२ ला ४५.८ टक्के मतं घेतली. याच पक्षाच्या श्रोडरनं १९९८ ला ४०.९ टक्के मिळवली, चान्सलर झाला, २००९ ला पक्ष थेट २३ वर. पुस्तक दोन्ही वेळा ‘काळानुसार बदलले’ एवढंच म्हणतं. मग फरक कुठे पडला?

गिरणीवाला (अमळनेर): ताई, गोडेसबर्गला पोथी सोडली, ताटाला हात नाही लावला. श्रोडरच्या ‘अजेंडा २०१०’नं, म्हणजे कामगार-भत्त्यांच्या सुधारणांनी, ताटालाच हात घातला. आधी बेकार माणसाचा भत्ता मुदत संपल्यावरही जुन्या पगाराच्या हिशोबानं चालू राहायचा. १ जानेवारी २००५ पासून ‘हार्ट्झ-चार’ हा बेकार भत्त्याचा नवा कायदा आला. बहुतेकांना वर्षभरानंतर सरसकट रक्कम, पश्चिम भागात महिना ३४५ युरो. तीस वर्षं राबलेला आणि कधीच कामावर न गेलेला, दोघं एका रांगेत.

ही रांग मी घरात पाहिलीय. गिरणी बंद पडली तेव्हा वडिलांची २८ वर्षं सर्व्हिस झालेली. मग रोजगार हमीवर खडी फोडायला गेले. मजुरीबद्दल कुरकुर नव्हती. पण हजेरीला मुकादमानं कालच्या पोरांमागे उभं केलं, ते लागलं. घरी येऊन म्हणाले, “आमले कोन इचारस?” त्यानंतर गिरणीचा पितळी बिल्ला शर्टाच्या खिशात ठेवूनच कामावर जायचे.

यार्डातला (भुसावळ): भाऊ, वडिलांचं पटलं. पण २००५ च्या सुरुवातीला जर्मनीत बेकार ५० लाखांच्या वर होते. श्रोडरनं हातावर हात धरून बसायचं होतं का? बेकारी नंतर उतरलीच ना?

गिरणीवाला: उतरली, नाही कोण म्हणतं! भत्ता कापल्यामुळेच उतरली का, यावर अर्थशास्त्री अजून भांडतायत. पण स्वीडन बघा. रेन आणि मैडनर हे कामगार संघटनेचेच अर्थतज्ज्ञ, १९५१ मध्ये त्यांनी योजना मांडली: समान कामाला समान पगार, ज्या कारखान्याला तो झेपत नाही तो बुडू द्या, पण माणसाला नवं काम शिकवा, दुसऱ्या गावी जायचा खर्च द्या. गिरणी तिकडेही बंद पडायची. माणूस खडीवर जात नव्हता.

तापीकाठ: काका, बिल्ल्याचा फोटो टाकाल? स्लाइडवर घेते.

गिरणीवाला: टाकतो. आधी चिंचेनं घासू द्या, पार काळा पडलाय.