साइझ_टी नेमका कोणाचा? कम्पायलरच्या हेडर फाइली आणि पोर्टची लायब्ररी

मूळ मुद्दा

नव्या प्लॅटफॉर्मवर कम्पायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन) नेताना, म्हणजे पोर्ट करताना, ‘स्टडडेफ.एच’, ‘स्टडआर्ग.एच’, ‘फ्लोट.एच’ या हेडर फाइली (प्रकार व फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइली) कम्पायलरच्या वापराव्यात की लायब्ररीच्या, हा वाद हमखास उभा राहतो. माझ्या मते ज्या डेटाप्रकारांचा निर्णय यंत्राचा कोड तयार करणाऱ्या कम्पायलरनेच घेतलेला असतो, त्यांची व्याख्याही त्याच्याकडेच असावी. ग्लिबसी ही सी भाषेची लायब्ररी साइझ_टीची (आकार मोजण्यासाठीच्या पूर्णांक प्रकाराची) व्याख्या स्वतः लिहीत नाही. हव्या त्या प्रकाराची खूण मॅक्रोने करून ती जीसीसी या कम्पायलरची ‘स्टडडेफ.एच’ समाविष्ट करते. याउलट लायब्ररीने साइझ_टी म्हणजे ‘अनसाइन्ड इंट’ असे ठरवले आणि कम्पायलरने ‘अनसाइन्ड लाँग’ धरले, तर ३२ बिटांच्या यंत्रावर दोन्हींचा आकार सारखाच असल्यामुळे सी भाषेत बहुधा काहीच बिघडत नाही. सी++ मध्ये मात्र फंक्शनांची अंतर्गत नावे वेगळी होतात आणि दोष लिंकरपाशी (रूपांतरित तुकडे जोडणाऱ्या साधनापाशी), मूळ कारणापासून फार दूर, प्रकट होतो.

प्रतिसाद : असहमत

फाइल लायब्ररीची असणे म्हणजे आकारही तिने मनाने ठरवणे, असे नव्हे. मसल ही दुसरी सी लायब्ररी आपली ‘स्टडडेफ.एच’ स्वतः देते, आणि तिच्यासाठी बांधलेल्या जीसीसीमध्ये हेडर फाइलींचा शोधक्रमही लायब्ररीच्या निर्देशिकेला आधी ठेवतो. कम्पायलरला अग्रक्रम दिल्याचा तोटा विंडोजच्या पोर्टवर दिसतो : तेथील ‘फ्लोट.एच’मध्ये प्रमाणित स्थिरांकांखेरीज ‘_कंट्रोलएफपी’सारखी फंक्शनेही घोषित असतात, आणि जीसीसीची त्याच नावाची फाइल आधी सापडली की ती घोषणा दिसेनाशी होते. शिवाय जीसीसीची ‘फिक्सइन्क्लूड्स’ यंत्रणा प्रणालीच्या हेडरची दुरुस्त प्रत कम्पायलरच्या निर्देशिकेत ठेवते. पुढे मूळ हेडर बदलले, तरी वापरात ती शिळी प्रतच राहते.

मूळ लेखकाचे उत्तर

शिळ्या प्रतींचा आक्षेप मला मान्य आहे. प्रणाली अद्ययावत केल्यावर ही दुरुस्ती नव्याने करणारी ‘एमकेहेडर्स’ पुन्हा चालवावी लागते, आणि ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. ‘फ्लोट.एच’ची अडचण मात्र साखळीने सुटते : एका फाइलीने आपले काम करून ‘इन्क्लूड_नेक्स्ट’ने शोधक्रमातल्या त्याच नावाच्या पुढच्या फाइलीला बोलवावे. जीसीसीची ‘लिमिट्स.एच’ हेच करते. अर्थात जीसीसीच्या ‘स्टडडेफ.एच’मध्ये एकट्या साइझ_टीभोवती निरनिराळ्या प्रणालींसाठी साचलेले, दुहेरी व्याख्या टाळणारे डझनभर गार्ड मॅक्रो पाहिले, की तुमचे म्हणणे पटू लागते, हेही कबूल करतो.

प्रतिसाद : दोघांशीही थोडा मतभेद

दोन्ही बाजू हेडरपाशीच थांबल्या आहेत. विंडोजवर जीसीसी ‘लाँग डबल’ हा दशांश संख्यांचा प्रकार ८० बिटांचा मानते, तर मायक्रोसॉफ्टची लायब्ररी तो ६४ बिटांचा ‘डबल’च समजते. त्यामुळे छापणाऱ्या प्रिंटएफ या फंक्शनला ‘%एलएफ’ (‘लाँग डबल’ची खूण) दिल्यास निरर्थक आकडे छापले जातात आणि मिनजीडब्ल्यूला (विंडोजवरील जीसीसीच्या पोर्टला) स्वतःचा प्रिंटएफ पुरवावा लागतो. येथे फाइल कोणाचीही असली, तरी हा विसंवाद तिच्या व्याख्येत दिसतच नाही, कारण आधीच बांधलेल्या लायब्ररीने वेगळाच करार गृहीत धरलेला असतो. म्हणून पोर्टच्या चाचण्यांत केवळ कम्पाइल होतानाच आकार तपासणारे ‘स्टॅटिक असर्ट’ पुरेसे नाहीत. प्रत्येक मूलभूत प्रकाराचे मूल्य लायब्ररीच्या फंक्शनला देऊन तेच परत मिळते का, हे प्रत्यक्ष चालवून पाहावे, आणि फाइलीच्या मालकीचा वाद त्यानंतर घालावा.