मदत हवी आहे: एकाच वर्गात पहिली ते चौथी, तरंगणे-बुडणे कसे घ्यावे?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी एकटीच शिक्षिका. चारही इयत्ता एका खोलीत, मुलं 14. प्रयोगशाळा, प्रोजेक्टर काही नाही. बादली, मीठ आणि किराणा दुकानातला उसना तराजू आहे.

चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर माटोळीतली, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळं मुलांनी आणली, तेव्हा हा धडा सुरू केला. आधी अंदाज, मग पाण्यात टाकून पाहायचं. पहिली-दुसरीची खूश (अर्धं पाणी जमिनीवर, ते असो). सोललेला नारळ तरंगला, बोटाएवढा खडा बुडाला, त्यामुळे ‘जड ते बुडतं’ हे तिसरीवाल्यांनी स्वतःच खोडलं. साध्या पाण्यात बुडालेला बटाटा भरपूर मीठ ढवळल्यावर वर आला. इथपर्यंत ठीक.

मग मूर्तीच्या उरलेल्या चिकणमातीचा गोळा टाकला, बुडाला. त्याच मातीची पातळ वाटी केली, तरंगली. चौथीतली मुलगी म्हणाली, “टीचर, माती तीच, वजन तेच, मग आता कशी तरंगली?” मी ‘वाटी जास्त पाणी बाजूला सारते’ म्हटलं. तिने मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. ‘घनता’ शब्द मला इतक्यात आणायचा नाही, तो नुसता पाठ होतो.

काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडलेलं पाणी मोजून पाहिलं, पण आमच्या तराजूवर फरक नीट कळत नाही. चौथीच्या चौघांना स्वतः करता येईल आणि सारलेलं पाणी डोळ्यांना दिसेल, असं काय करता येईल? आणि त्या 15 मिनिटांत पहिलीला याच सामानातून कोणतं काम द्यावं?