डाय वर घेतली तर बोल्ट जड, खाली घेतली तर केस तळाशी चिरतेय, मधली सेटिंग कशी शोधायची?

कोपरीकर
नमस्कार मंडळी. माझा भाचा टेक्सासला असतो, तिकडे हरणाच्या शिकारीसाठी बोल्ट अ‍ॅक्शन .३०८ विंचेस्टर रायफल (मागचा बोल्ट हाताने बंद करायची) वापरतो आणि वापरलेल्या पितळी केस, म्हणजे काडतुसाच्या नळ्या, डायमध्ये दाबून परत मापात आणतो (साइझ करतो) आणि भरतो, तिकडे स्वतःपुरतं करायला परवानगी आहे. माझं आयुष्य वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये गेलं, डाय आणि पितळ दोन्ही ओळखीचं, म्हणून त्याने मला विचारलं, पण बंदुकीची बाजू मला कळत नाही.

झालंय असं की डायसोबतच्या माहितीपत्रकात लिहिलंय, प्रेसचा रॅम (केस वर नेणारा दांडा) पूर्ण वर करा, डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत फिरवा आणि त्यानंतर पाव फेरा अजून खाली द्या. त्याने तसंच केलं. तीन-चार वेळा भरल्यावर केसच्या तळापासून थोडं वर चकचकीत वळं दिसायला लागलं, एका केसला तर बारीक चीरच. घाबरून त्याने डाय अर्धा फेरा वर घेतली, तर आता बोल्ट बंदच होत नाही नीट, जोर लावावा लागतो. आणि मला न पटणारी गोष्ट ही की साइझ न केलेली, नुसती झाडलेली केस सहज आत जाते, तीच केस डायमधून काढली की अडकते! दाबल्यावर वस्तू लहान व्हायला हवी ना?

घणसोली_निवासी
काका एक गोष्ट आधी, इथे वाचणाऱ्या पोरांसाठी. आपल्याकडे हे घरी करायचं नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ५, परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यात "मी फक्त परत भरलं" असं चालत नाही. भाचा टेक्सासला आहे म्हणून चर्चा ठीक.

रबाळे_प्रेसशॉप
बरोबर बोललात घणसोली. आता मूळ मुद्दा.

कोपरीकर, तुम्ही डीप ड्रॉ केलेलं असणार, मग हे लगेच पटेल. गोळी झाडली की केस चेंबरभर (बंदुकीत काडतूस बसायची जागा) फुगते, अंगाने जाड होते. डायमध्ये शिरताना आधी अंग दाबलं जातं, केसचा खांदा (मानेखालचा उतार) अजून डायच्या खांद्यापासून लांब असतो. कणकेचा गोळा मुठीत आवळला की कणीक वर येते तसं ते पितळ पुढे सरकतं आणि खांदा वर जातो. म्हणजे अर्धवट साइझ केलेली केस बुडापासून खांद्यापर्यंत आधीपेक्षा लांब होते. डाय अजून खाली आली की मग तिचा खांदा केसच्या खांद्याला टेकतो आणि त्याला मागे ढकलतो. तुमच्या भाच्याची केस पहिल्या टप्प्यात अडकलीय, दुसरा टप्पा आलाच नाही. म्हणून बोल्ट जड.

आणि पाव फेरा जास्त दिल्यावर उलटं झालं, खांदा गरजेपेक्षा फार मागे गेला. मग चेंबरमध्ये केसच्या पुढे पोकळी राहते, झाडल्यावर पुढचं पितळ चेंबरच्या भिंतीला चिकटून बसतं आणि बूड मागे बोल्टकडे ढकललं जातं, ताण सगळा तळाच्या जाड भागाच्या जरा वर येतो. दर वेळी तिथेच ताणून ताणून भिंत पातळ होते. ते चकचकीत वळं म्हणजे केस तुटायच्या आधीची खूण. वायरची क्लिप सरळ करून टोकाला छोटा आकडा वाकवा, केसच्या आत तळापासून वर फिरवा, आकडा खोबणीत अडकला की ती केस भंगारात, पक्कडीने चेपून, म्हणजे चुकून परत वापरात येणार नाही. तुटली तर उष्ण गॅस बोल्टकडून मागे येतो, डोळ्याच्या जवळ असतो माणूस.

मेटलर्जी_ऐरोली
छान समजावलंत दादा. दोन गोष्टी वाढवते. हे पितळ ७०/३०, म्हणजे ७०% तांबं आणि ३०% जस्त, दर वेळी दाबलं-ताणलं की कडक होत जातं आणि कडक पितळ जास्त उसळतं, म्हणजे दाब काढल्यावर परत फुगतं. म्हणून एकाच डाय सेटिंगवर नवी केस आणि पाच वेळा वापरलेली केस वेगळी निघते. माप सारखं हवं असेल तर एकाच लॉटच्या, तितक्याच वेळा झाडलेल्या केस एकत्र ठेवायच्या. मान आणि खांदा अ‍ॅनील (तापवून मऊ) करतात लोक, पण बुडाला उष्णता अजिबात जाऊ द्यायची नाही, बूड मऊ झालं तर दाब सहन होत नाही.

दुसरं, साफसफाई. अमोनिया असलेलं पॉलिश नको. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची, मुतातल्या अमोनियाने, दमट हवेत, आत राहिलेल्या ताणामुळे. १९२१ साली इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी अमोनियाशी तो संबंध मांडला, आम्हाला कॉलेजात सीझन क्रॅकिंग म्हणून शिकवलं होतं. मला तो धडा फार आवडायचा कारण पितळ, ताण आणि आपला पाऊस तिन्ही एकत्र.

कोपरीकर
वा, आता डोक्यात बसलं. म्हणजे मापल्याशिवाय काही खरं नाही. पण खांद्याला व्हर्नियर लावणार कुठे, तो तर उतार आहे?

रबाळे_प्रेसशॉप
त्यासाठी कम्परेटर मिळतो, व्हर्नियरच्या जबड्याला बसणारं भोकाचं बुशिंग. .३०८ ला खांद्यावर ०.४०० इंच व्यास जिथे येतो तिथून बुडापर्यंत माप धरतात. आकडा खरा किती यापेक्षा फरक महत्त्वाचा. आधी त्याच रायफलमध्ये दोन-तीनदा झाडलेली केस मोजायची, एकदाच झाडलेली केस कधीकधी पूर्ण फुगलेली नसते. बुडातली कॅप (ठिणगी देणारी टोपी) काढून मोजा नाहीतर कॅपचा उंचवटा मापात येईल. मग साइझ केल्यावरची मोजा. बोल्ट अ‍ॅक्शनला खांदा १ ते २ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मागे गेला की पुरे. सेमी ऑटोला ३-४ लागतात, तिकडे बोल्ट हाताने दाबायचा नसतो ना.

कोपरीकर
भाच्याशी रात्री बोललो, त्याच्याकडे कम्परेटर होताच, वापरत नव्हता. झाडलेल्या केसच्या तुलनेत पाव फेरा सेटिंगवर खांदा ९ थाऊ मागे. अर्धा फेरा वर घेतल्यावर उलट ३ थाऊ पुढे!! तुम्ही सांगितलं तेच. डायमधला, मान आतून रुंद करणारा बॉल बाहेर येताना किर्र असा आवाज येतो म्हणाला, त्याचा संबंध आहे का?

मेटलर्जी_ऐरोली
आहे. मानेच्या आत कोरडं असेल तर एक्सपांडर बॉल वर ओढला जाताना मान आणि तिच्यासोबत खांदाही पुढे खेचतो. मानेच्या आत ब्रशने थोडं वंगण लावायचं. बाहेर मात्र बेताने, खांद्यावर जास्त साचलं की ते बाहेर जायला जागा नसते आणि खांद्याला खड्डे पडतात. अगदीच कमी लावलं तर केस डायमध्ये घट्ट बसते आणि काढायला वेगळं साधन लागतं. आवाज गेला की परत मोजायला सांगा, ते ३ थाऊ कमी होतील.

रबाळे_प्रेसशॉप
आता हिशोब बघा. डायचे आटे इंचाला १४, म्हणजे एक फेरा साधारण ७१ थाऊ, एक थाऊ म्हणजे ५ अंश. त्याने अर्धा फेरा वर घेतली म्हणजे जवळजवळ ३६ थाऊ, डायचा खांदा केसपर्यंत पोचतच नव्हता. प्रेस दाबाखाली लवते म्हणून अंशांचा हिशोब काटेकोर निघत नाही, तरी अंदाजाला पुरतो. डायवर आणि प्रेसवर मार्करने रेघ मारा. वरच्या बाजूने खाली या, आधी १०-१० अंश, बोल्ट थोडा सैल वाटायला लागला की ५-५, प्रत्येक वेळी वंगण लावा, मोजा. बोल्टमधून फायरिंग पिन काढून रिकाम्या केसवर बोल्ट लावला तर हाताला खरं कळतं, पिनच्या स्प्रिंगचा दाब नसतो. कम्परेटरवर २ थाऊ मागे आणि बोल्ट स्वतःच्या वजनाने खाली येतोय, तिथे थांबा. लॉक रिंग (डायची सेटिंग पक्की करणारी) आवळताना केस डायमध्ये आणि रॅम पूर्ण वर ठेवा, आटे एका बाजूला बसतात आणि सेटिंग हलत नाही.

घणसोली_निवासी
रेडिंग कंपनीचे जाड शेलहोल्डर पण असतात ना, पाचचा संच?

रबाळे_प्रेसशॉप
हो, २, ४, ६, ८ आणि १० थाऊ जास्त उंचीचे. डाय पाव फेऱ्याला घट्ट टेकवून ठेवायची आणि फक्त शेलहोल्डर बदलायचा. त्याचे ९ येतायत, म्हणजे ६ वाल्यावर साधारण ३ मागे, ८ वाल्यावर १. मला हा मार्ग जास्त आवडतो कारण डाय शेलहोल्डरला टेकलेली राहते, प्रेसचं लवणं दर वेळी सारखं, त्यामुळे केस टू केस फरक कमी.

कोपरीकर
संच मागवायला सांगतो. वळं आलेल्या सगळ्या केस त्याने चेपून भंगारात टाकल्या, राहिलेल्यांना क्लिपचा आकडा फिरवून बघतोय.