गणित अडलं तर मास्तरांनी 'येत नाही' म्हणावं का?

माहीमकर: काल कुणीतरी इथे लिहिलं, "फळ्यावर उदाहरण सुटत नसेल तर पगार घेऊ नये. 'उद्या सांगतो' ही नम्रता नाही, आळस आहे." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. नववीत बाईंनी उदाहरण घातलं: काटकोन त्रिकोण, कर्ण १० सेंमी, समोरच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब ६ सेंमी, क्षेत्रफळ काढा. सगळ्यांचं ३० आलं. एक मुलगी म्हणाली, बाई, माझी आकृतीच येत नाहीये. बाईंनी दोनदा काढली, दोनदा पुसली. "मलाही येत नाहीये गं. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी फळ्यावर अर्धवर्तुळ. कर्ण म्हणजे व्यास, काटकोनाचं टोक अर्धवर्तुळावरच, त्रिज्या ५, मग लंब ६ येणार कुठून? असा त्रिकोणच नाही! बाकीची भूमिती विसरलो, हे नाही.

लालबागवाला: लिहिणारा मीच. गोष्ट झकास. पण बाईंनी न तपासता उदाहरण घातलं, ते सोडून द्यायचं? पोराच्या क्लासला वर्षाला पाऊण लाख मोजतो. तिथले सर अडले की म्हणतात, "हे परीक्षेला येत नाही." घ्या नम्रता.

माहीमकर: ती थाप झाली. मी तेच तर सांगतोय.

निवृत्त मास्तर: परळला ३१ वर्षं शिकवलं. वर्गात साठ-पासष्ट पोरं. 'येत नाही' म्हटलं की मागून शिट्टी, संध्याकाळी पालक हजर. तयारी करणार कधी, निवडणुकीच्या ड्यूटीवर? आणि २०१९ला दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' घुसवलं, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं होतं?

शकूताई: अहो, पुस्तकाच्या गणित समितीच्या मंगला नारळीकरांनी कारण दिलं होतं की. जोडाक्षरं पोरांना जड जातात. माझ्या नातवाची 'त्र्याण्णव'ला जीभ अडायची, 'नव्वद तीन' लगेच आलं.

लालबागवाला: दादरच्या मंडईत 'साठ तीन' म्हणून बघा. भाजीवाली साठ घेईल आणि तीन परत देईल.

शकूताई: तुमच्या पोराला 'एकोणऐंशी' विचारा. सेव्हंटी नाईन की एटी नाईन, असं नाही विचारलं तर नाव बदलीन. इंग्रजी शाळेत घालायचं आणि इथे मराठीचा कळवळा!

लालबागवाला: पोराच्या शाळेवर येऊ नका. सांगून ठेवतो.

माहीमकर: धागा कशाचा होता? गणितज्ञ ॲण्ड्र्यू वाइल्सने १९९३ला केंब्रिजमध्ये फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध केल्याचं जाहीर केलं, त्यात चूक निघाली, ती १९९४ला सुधारली. जगासमोर अडला, कुणी पगार मागितला नाही परत.

लालबागवाला: वाइल्सला मार्चच्या आत दहावीचा पोर्शन संपवायचा नव्हता.

निवृत्त मास्तर: हे मात्र खरं बोललात. बरं, आता सांगतोच. एकदा चक्रीय चौकोनाच्या रायडरवर, म्हणजे प्रमेयावर बेतलेल्या अवघड उदाहरणावर, अडलो आणि घंटा होईपर्यंत फळा पुसत राहिलो. त्या वर्गातला एक आता माझ्याच इमारतीत राहतो. लिफ्टमध्ये भेटला की मला तो रायडर आठवतो. त्याला आठवतो का, अजून विचारलेलं नाही.

लालबागवाला: टाका इथे. मी बसतो रात्री. नाही सुटला तर पोराच्या सरांना देतो, पाऊण लाखातले काही तरी वसूल होतील.