स्टेज टू ऑक्टाव्हिया आरएस : आधी मूळ सुटे भाग मागा

साताऱ्यात वापरायला पुण्यातली २०१७ची स्टेज टू केलेली (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर आणि एक्झॉस्टचे भाग बदलून ताकद वाढवलेली) स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी किमतीवरच लिहिलंय, मला काळजी गिअरबॉक्सची वाटते. कंपनीकडून ही गाडी २३० पीएस ताकद आणि ३५० एनएम टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) घेऊन येते. रीमॅपने, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलल्याने, टॉर्क बराच वाढतो आणि तो सगळा डीएसजीच्या, म्हणजे या गाडीच्या दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या, क्लचवर पडतो. तेव्हा सपाट हायवेवर खूश होऊ नका. इंजिन पूर्ण तापल्यावर यवतेश्वरचा घाट चढवा, तिसऱ्या-चौथ्या गिअरात जोर द्या. आरपीएम चढला पण वेग नाही, तर क्लच घसरतोय. गिअरबॉक्स ऑइल बदलल्याची बिलंही बघाच.

दुसरं कागदांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना आड येतं. विम्याला न कळवलेलं मॉडिफिकेशन क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतं. डाऊनपाइप (टर्बोला जोडलेला एक्झॉस्टचा पाइप) बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढला असेल तर आणखी अडचण. मूळ एक्झॉस्ट आणि स्टॉक ट्यूनची (कंपनीच्या मूळ इंजिन सॉफ्टवेअरची) फाइल मालकाकडे असेल तरच व्यवहाराचं बोला. 'शोधून देतो' म्हणाला तर मी तरी टोकन देणार नाही.

गाडी सुंदर आहे हो, पण शक्यतो स्टॉक, म्हणजे काही बदल न केलेलीच शोधा.